कोलाम म्हणजे रांगोळी नव्हे

मार्च महिना होता. मारेगावात मार्चमध्येच ऊन अंगावर यायला लागतं. दुपारी दोन ते चार ग्रंथालयात पंख्याखालची दोन टेबलं सोडली तर कोणी बसत नाही. याच दिवसांत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प माझ्याकडे येतात. विभागात गुण देऊन झाले की शिपाईदादा स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे आणून माझ्या टेबलावर ठेवतात. मी त्यांची यादी करते, कपाटात लावते. पुढच्या वर्षीची मुलं तेच प्रकल्प काढून नेतात आणि पहिलं पान बदलून परत जमा करतात. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या दिवशी यादी करताना एक प्रकल्प सहज उघडला. शीर्षक होतं ‘कोलाम जमातीचे जीवन व संस्कृती’. पाच जणांचा गट. पहिली काही पानं ठीक होती: डोंगर, जंगल, शेती, शिक्षणाचा अभाव. नवव्या पानावर आले आणि थांबले. तिथं लिहिलं होतं की कोलाम पहाटे अंगणात तांदळाच्या पिठाने काढतात, मुंग्या-पाखरांना त्यातून अन्न मिळतं, आधी ठिपके देऊन मग रेषा जोडतात, आणि मार्गळी महिन्यात मोठमोठे कोलाम काढण्याची प्रथा आहे. खाली रंगीत प्रिंट चिकटवलेली. दारापुढे ठिपक्यांची सुंदर रांगोळी.

मी हसले. अगदी मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मान वर करून पाहिलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. यवतमाळ जिल्ह्यात, आणि विशेष करून आमच्या मारेगाव, झरी-जामणी, वणी, पांढरकवड्याच्या पट्ट्यात, कोलाम नावाची आदिवासी जमात राहते. त्यांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. महाराष्ट्रात तीन जमाती ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदल्या आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना ही तीन नावं तोंडपाठ असतात. आणि तमिळनाडूत दारापुढे जी रांगोळी काढतात, तिचंही नाव कोलम. रोमन लिपीत दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगनं लिहिले जातात: के-ओ-एल-ए-एम.

हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर एवढी पाच अक्षरं टाइप करून बघा. चित्रं उघडा. रांगोळ्याच रांगोळ्या दिसतील. माझ्या विद्यार्थ्यांनी नेमकं हेच केलं होतं. मग आलेला इंग्रजी मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, मराठी झाला, छापला, बाइंड केला. नवव्या पानाच्या कोपऱ्यात लाल शाईची बरोबरची खूण होती. वीसपैकी सोळा गुण.

हसू ओसरल्यावर पहिल्या पानावरची पाच नावं वाचली. चौथं नाव एका मुलीचं होतं आणि ती मुलगी कोलाम होती. मारेगावपासून आत, डोंगराच्या बाजूच्या एका पोडावरून ती एसटीनं यायची. बस चुकली तर पहिला तास बुडायचा, मग ती ग्रंथालयात येऊन बसायची. म्हणून मी तिला ओळखत होते.

मग मी दुसरं एक काम केलं, जे करायला नको होतं असं तेव्हा वाटलं. ‘ग्रंथालय परिचय’ची नोंदवही काढली. दरवर्षी जुलैमध्ये नव्या मुलांसाठी आम्ही हा कार्यक्रम घेतो. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर त्या पाचही जणांच्या सह्या होत्या. खाली माझी सही. म्हणजे कागदोपत्री या पाच जणांना माहिती कशी शोधायची, ते मी शिकवलं होतं.

त्या कार्यक्रमात मी काय शिकवायचे, ते सांगते. सभागृहात शंभर-सव्वाशे मुलं. मागे बॅनर. मी माइक घेऊन सांगायचे की पुस्तक पंधरा दिवसांत परत करा, उशीर झाला तर दंड लागेल, ग्रंथालयात शांतता ठेवा. मग रंगनाथन यांचे पाच नियम. मग संगणकावर पुस्तकांची यादी कशी पाहायची, ते पडद्यावर पाच मिनिटं. मुलं नवीन असायची. अजून एकही निबंध लिहायचा नसायचा, एकही प्रश्न डोक्यात नसायचा. फोटो निघायचा. चहा व्हायचा. दोन पानी अहवाल फाइलला लागायचा. पुढची तीन वर्षं तो विषय बंद.

ज्या रंगनाथनांचं नाव मी दरवर्षी घ्यायचे, ते मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सुरुवातीला त्या कामाला इतके कंटाळले होते की परत शिकवायला जायचं म्हणत होते. मग इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि उरलेलं आयुष्य याच कामाला दिलं. १९३१ मध्ये त्यांचे पाच नियम पुस्तकरूपानं आले. त्याच वर्षी मन्नारगुडीजवळच्या खेड्यांमध्ये बैलगाडीतून पुस्तकं फिरवणारं ग्रंथालय सुरू झालं, त्यामागेही तेच होते. नव्या वाचकाला ग्रंथालयाची ओळख करून देणं हे ग्रंथपालाचं मूळ काम आहे, असं ते मानायचे. त्यांच्या मते ही ओळख म्हणजे इमारत दाखवणं नव्हतं. माणसाला त्याच्या प्रश्नापासून पुस्तकापर्यंत कसं जायचं, ते दाखवणं होतं. एम.लिब.च्या पेपरात मी यावर उत्तर लिहिलं होतं. चांगले गुणही पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी प्रकल्प तिच्यापुढे ठेवला आणि नववं पान उघडलं.

“हे तू वाचलं होतंस?”

“हो मॅडम.”

“तुमच्या पोडावर अशी रांगोळी काढतात?”

“नाई.”

“मग गटातल्या बाकीच्यांना सांगितलं का नाहीस?”

ती बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, रडते की काय. पण तिचा चेहरा कोरडा होता. म्हणाली, “मॅडम, नेटवर आमच्याबद्दल काहीच नव्हतं. जे होतं ते दोन ओळीचं. हे तरी मोठं होतं, फोटो होते. म्हटलं नाव तर आपलंच आहे.”

मग थोड्या वेळानं म्हणाली, “आन् सरनं टिक केली होती ना.”

काल मी ज्या पानावर हसले होते, तेच पान होतं ते.

त्या आठवड्यात आम्ही दोघी रोज दुपारी ग्रंथालयाच्या एकमेव चालणाऱ्या संगणकावर बसलो. गुण देऊन झाले होते, निकालात काही बदलणार नव्हतं. तरी ती आली. मी आधीच सांगितलं होतं की उत्तर मलाही माहीत नाही, आपण शोधू.

पहिल्या दिवशी मराठीत ‘कोलाम’ टाकलं. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आल्या, सगळीकडे त्याच तीन-चार ओळी, एकमेकांवरून उतरवलेल्या. रोमन लिपीत टाकलं की रांगोळी. पुढे ‘ट्राइब’ जोडल्यावर रांगोळी गेली. इथं तिला पहिली गोष्ट कळली: एका शब्दाला दुसरा शब्द जोडला की जग लहान होतं. मग ‘यवतमाळ’ जोडलं. अलीकडच्या बातम्या आल्या, योजना आल्या. जुनं काहीच नाही.

“आमचे लोक तर लय आधीपासून आहेत मॅडम. कोणी लिहिलंच नसंन का?”

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी मी स्वतः फार उशिरा शिकले होते. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत आजच्या स्पेलिंगचं ‘यवतमाळ’ सापडत नाही. ते लिहायचे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल. त्याच्याही मागे गेलात तर यवतमाळ जिल्हाच सापडत नाही, कारण १८६४ मध्ये हा जिल्हा झाला तेव्हा त्याला आग्नेय वऱ्हाड म्हणत, मग त्याचं नाव वणीवरून पडलं आणि १९०५ मध्ये यवतमाळ झालं. वणीला इंग्रज लिहायचे डब्ल्यू-यू-एन. वून. आणि वऱ्हाडाला बेरार. म्हणजे आपल्या गावाबद्दल शंभर वर्षांपूर्वी काय लिहिलं गेलं ते शोधायचं, तर आधी त्या लिहिणाऱ्यानं आपल्या गावाला कोणत्या नावानं हाक मारली, ते माहीत पाहिजे.

तिनं वहीत एका खाली एक लिहिलं: यवतमाळ, येवतमाळ, वून, बेरार. स्पेलिंगसकट. मग स्वतः टाइप केलं.

रसेल आणि हिरालाल यांचा ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. इंटरनेट अर्काइव्हवर तो फुकट आहे. त्यात कोलामांवर स्वतंत्र नोंद आहे आणि सुरुवातीलाच म्हटलं आहे की ही जमात मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात राहते. आजचा मारेगाव तालुका तेव्हा वणीतच होता. मी ते वाक्य तिला मराठीत सांगितलं. तिनं पडद्यावर ‘वून’ या शब्दावर बोट ठेवलं.

“म्हणजे हे आपलंच?”

“हो, आपलंच.”

मग ती पुढे वाचायला लागली. मी अडलेले शब्द सांगत होते. लग्नाच्या चालीरीतींपाशी आली आणि थांबली. “हे खोटं आहे.” मी म्हटलं, असेलही, नसेलही. हे कोणी लिहिलं? एका गोऱ्या अधिकाऱ्यानं आणि त्याच्या हाताखालच्या विद्वान साहाय्यकानं. कोणाला विचारून लिहिलं? तुझ्या पणजीला विचारलं असेल का? तिनं मान हलवली. मग वहीत या पानाचा क्रमांक लिही, ते काय म्हणतात ते लिही, आणि खाली तुझ्या आजीला विचारून ती काय म्हणते ते लिही. दोन्ही राहू दे. छापलंय म्हणून खरं नाही आणि आपल्याला आवडलं नाही म्हणून खोटं नाही.

दुसरा शोध तिचा स्वतःचा होता. तिला विचारलं होतं, पोडावर कोणती भाषा बोलता? “कोलामी. पण आता लहान पोट्टे मराठीच बोलतात.” तिनं ‘कोलामी लँग्वेज’ टाकलं आणि मरे एमिनो हे नाव समोर आलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ. १९३०च्या दशकात ते भारतात होते, त्या वेळी वर्धा भागातल्या कोलामी बोलणाऱ्यांकडून त्यांनी शब्द, व्याकरण आणि गोष्टी टिपून घेतल्या. ‘कोलामी: अ द्रविडियन लँग्वेज’ हे त्यांचं पुस्तक १९५५ मध्ये निघालं. कोलामी ही तेलुगू, गोंडीसारखीच द्रविड कुळातली भाषा आहे. आजूबाजूला सगळीकडे मराठी, आणि मध्येच डोंगराच्या कुशीत ही वेगळ्या कुळातली भाषा टिकून राहिली.

त्यातले शब्द रोमन लिपीत, वर-खाली चिन्हं लावून दिलेले होते. मला ते वाचता येईनात. ती हळूहळू अक्षरं लावत गेली आणि एकदम तिचा आवाज बदलला.

“किस. मॅडम, किस म्हणजे जाळ! विस्तव.” मग पुढे, “ईर. पाणी.” मग “माक. झाड.” मग स्वतःशीच हसून म्हणाली, “एल्ला. घर.”

इतक्या वर्षांत ग्रंथालयात कोणी पुस्तक वाचताना असं हसल्याचं मला आठवत नाही. तिच्या आजीच्या तोंडचे शब्द सात समुद्रांपलीकडे, तिचा बाप जन्मायच्या आधी छापून ठेवलेले होते. तिला फक्त तिथं जायचा रस्ता कोणी सांगितला नव्हता. आणि तो रस्ता सांगायचा पगार मी घेत होते.

तिचं झालं. पण मला सरांचं कोडं होतं. प्राचार्यांकडे जावं का? त्या सरांना मी बारा वर्षं ओळखते. वर्गात मन लावून शिकवणारे, मुलांच्या फीसाठी स्वतःच्या खिशात हात घालणारे. एका वर्षी साठ-सत्तर प्रकल्प तपासायचे, त्यात परीक्षेची कामं, निवडणुकीची कामं. त्यांनी ते पान वाचलंच नव्हतं, हे उघड होतं. पण वाचलं नाही म्हणून ओरडण्याचा अधिकार मला कुठून आला? माझीही सही होतीच की खाली.

शेवटी प्रकल्प पिशवीत घालून मीच स्टाफरूममध्ये गेले आणि म्हटलं, सर, सवडीनं ग्रंथालयात या, एक दाखवायचं आहे. ते आले साडेपाचला, मुलं गेल्यावर. पान पाहिलं. चश्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, एक विचारू? हसू नका. हे एन-लिस्ट एन-लिस्ट म्हणतात, ते उघडायचं कसं?”

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा सारवासारव करतील.

एन-लिस्ट म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सेवा. महाविद्यालयानं वर्गणी भरली की तिथल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तकं आपल्या लॉगिननं घरबसल्या वाचता येतात. आम्ही वर्गणी भरत होतो. मी सगळ्या प्राध्यापकांचे लॉगिन तयार करून दिले होते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकली होती. सूचनेखाली सगळ्यांचे अंगठे आले होते. मला वाटलं, झालं काम. सरांना तो पासवर्ड कधी मिळालाच नव्हता, कारण तो ज्या ई-मेलवर गेला होता तो ई-मेल काही वर्षांपूर्वी नेट कॅफेवाल्यानं कुठलासा फॉर्म भरताना काढून दिला होता. त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्याकडे. कॅफे बंद होऊन त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान झालेलं.

सर म्हणाले, “आम्ही शिकलो तेव्हा लाकडी ड्रॉवरमध्ये कार्डं असायची. ती मला येत होती. नंतर सगळं बदललं आणि आपल्याला येत नाही हे सांगायची सोय राहिली नाही. मुलांसमोर कसं विचारणार?”

त्या संध्याकाळी आम्ही तासभर बसलो. आधी नवा ई-मेल, मग लॉगिन, मग शोधगंगा. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत, लाखोंच्या संख्येनं, कोणालाही फुकट. विदर्भातल्या संशोधकांनी आपल्याच भागावर केलेलं काम तिथं पडलेलं आहे. सर तासभर एकेक प्रबंध उघडून अनुक्रमणिका वाचत राहिले. निघताना म्हणाले, “अजून दोघं-तिघं आहेत माझ्यासारखे. नाव नाही सांगत.”

म्हणून गुरुवारचा तास सुरू झाला. दर गुरुवारी साडेपाच वाजता, फक्त शिक्षकांसाठी. बॅनर नाही, फोटो नाही, हजेरीची वही नाही. ही अट माझीच. पहिल्या गुरुवारी तीन जण आले. त्यांतल्या एका मॅडमनं दार लोटून घेतलं.

तिथं आलेले प्रश्न मी कधीच विसरणार नाही, कारण असे प्रश्न कुठल्याही कार्यशाळेत कोणी विचारत नाही. एकानं विचारलं, “१० टक्क्यांपर्यंत कॉपी चालते ना?” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत असं आहे की १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. पण ती सूट आहे, परवानगी नाही. दुसऱ्याचा एक परिच्छेद नाव न घेता उचलला तर टक्केवारी तीन आली तरी तो उचललेलाच असतो. यावर अर्धा तास वाद झाला. असा चांगला वाद आमच्या कॉलेजात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

दुसरे एक सर पाच पुस्तकांची यादी घेऊन आले. मोबाइलवरच्या एआयला विचारून केलेली. लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. मी आणि ते मिळून शोधत बसलो. दोन पुस्तकं सापडली. उरलेली तीन जगात कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत नव्हती. सर हसून म्हणाले, “म्हणजे ह्यालेही आमच्या पोट्ट्यांसारखं पान भरायची घाई आहे.”

मी त्या गुरुवारांतून एक शिकले. शिक्षकाला स्वतःला शोधता आलं नाही, तर तो मुलांना शोधायला लावत नाही. तो त्यांना ‘माहिती गोळा करा’ म्हणतो. आणि मुलं गोळा करतात, शेतातला कापूस गोळा केल्यासारखी, ओंबलेला, किडका, कवडीचा, सगळा एकाच पोत्यात. वेचणी आणि गोळा करणं यातला फरक आमच्याकडच्या मुलांना सांगायला लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे निम्मा वर्ग वेचणीलाच असतो. पांढरा वेगळा, कवडी वेगळी, हे त्यांच्या हातांना माहीत असतं. वहीत तेच करायचं असतं, एवढंच कोणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी प्रकल्पाचे वीस गुण विभागले. पंधरा प्रकल्पाचे, पाच शोधवहीचे. शोधवही म्हणजे साधी दोन पानं. मी कोणते शब्द टाकून शोधलं? काय सापडलं? त्यातलं काय टाकून दिलं आणि का? कोणत्या जिवंत माणसाला विचारलं? बस्स. माझा तासही जुलैतून हलवला. आता मी सभागृहात बोलत नाही. विषय ठरल्याच्या आठवड्यात एकेका गटाला ग्रंथालयात बोलावते, सरही येऊन बसतात. मुलांकडे तोवर प्रश्न असतो आणि प्रश्न असलेल्या मुलाला शिकवायला पाच मिनिटं पुरतात. एन-लिस्टचा पासवर्ड मिळवायच्या आधी ‘तुझा ई-मेल कोणाच्या हातात आहे?’ हेही विचारते. दर वर्षी चार-पाच जण तरी नेट कॅफेवाल्याचे निघतात.

सगळं सुधारलं असं नाही. गट अजूनही उतरवतात. काही शोधवह्याही एकमेकींवरून उतरवलेल्या येतात. गुरुवारी कधी कधी मी एकटीच बसलेली असते. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली करण्याची योजना. बातमी वाचून मला आनंद झाला आणि लगेच त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे अंगठे आठवले. दार उघडलं म्हणजे माणूस आत आला असं नसतं.

रांगोळीचा तो प्रकल्प अजून कपाटात आहे. काढून टाकावा असं एकदा वाटलं होतं. मग ठेवला. प्रत्येक नव्या गटाला मी नववं पान दाखवते, पहिलं पान झाकून. मुलं हसतात. मी त्यांना पोटभर हसू देते आणि मग विचारते, तुमच्या गावाबद्दल असं पान कोणी लिहिलं असेल, तर ते तुम्हाला कसं सापडेल?

ती मुलगी बी.ए. होऊन गेली. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस ग्रंथालयात आली. हातात दोनशे पानी वही. तिच्या आजीकडून लिहून घेतलेले कोलामी शब्द होते, देवनागरीत, समोर मराठी अर्थ. काही ठिकाणी तिनं लाल पेनानं लिहिलं होतं, ‘पुस्तकात वेगळं आहे, आजी असं म्हणते.’ शेवटच्या पानावर आजीचं नाव, पोडाचं नाव, कोणकोणत्या दिवशी विचारलं त्या तारखा.

“मॅडम, याले नंबर भेटते का? पुस्तकाले राहते तसा?”

मी ड्यूईचा खंड काढला. मराठी साहित्य ८९१.४६, कापूस ६३३.५१, हे क्रमांक मला पाठ आहेत, कारण आमच्याकडे तीच कपाटं भरलेली. द्रविड भाषांचं कपाट आमच्याकडे नव्हतंच. ४९४.८. चिठ्ठीवर लिहून वहीच्या कण्यावर चिकटवलं. मग दाखल नोंदवही उघडली. लेखकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. ती म्हणाली, आजीचंही लिहा. आजीचंही लिहिलं. प्रकाशकाच्या रकान्यात रेघ मारली. किमतीच्या रकान्यापाशी थांबले आणि तिच्याकडे पाहिलं.

“भेट लिहा ना,” ती म्हणाली. “पण घरी न्यायले नका देऊ कोणाले. इथंच बसून वाचा म्हणा.”